दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य, संस्थाचालक आणि विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी २२ वर्षं एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेत नोकरी करतोय. आधी निदेशक होतो, आता अधीक्षक आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षाला येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या हातात पहिली कानस देतो तो मी किंवा माझा एखादा सहकारी. कॉलेजच्या सभांमध्ये कार्यशाळेचा विषय शेवटी येतो आणि तोवर बहुतेकांची उठायची वेळ झालेली असते. म्हणून जे सांगायचं ते इथे, सगळ्यांसमोर लिहितोय.

विषय आहे मुलांना परदेशात मिळणाऱ्या अनुभवाचा. अलीकडे प्रत्येक कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत त्याचं एक पान असतं. परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार झाल्याचा फोटो, मागे दोन देशांचे झेंडे, खाली ‘आंतरराष्ट्रीय औद्योगिक भेट’. आमच्याकडेही अशी एक भेट निघाली होती. सिंगापूर-मलेशिया, सहा दिवस, पाच रात्री. एका मुलाच्या वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून त्याला पाठवलं. परत आल्यावर तो पेढे घेऊन भेटायला आला. मी विचारलं, काय काय पाहिलंस? म्हणाला, सर, एका कारखान्यात काचेच्या पलीकडे रोबोट वेल्डिंग करत होते, चाळीस मिनिटं पाहिलं. मग विचारलं, हात कशाला लावलास? तो गप्प बसला. हुशार मुलगा आहे, मी काय विचारतोय ते त्याला कळलं. त्याच्या वडिलांचे हप्ते त्यानंतर दोन वर्षं चालू होते.

मला त्या मुलाचा राग नाही, सहल नेणाऱ्या प्राध्यापकांचाही नाही. मुलांनी जग पाहावं, जरूर पाहावं. पण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला परदेशातून जे आणता येतं ते काचेपलीकडून येत नाही. ते परक्या देशात, परक्या माणसांसमोर, स्वतःच्या हातांनी काम करताना येतं, आणि ते काम चुकलं की तिथेच उभं राहून त्याचं उत्तर देताना येतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, तेच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या मुलांच्या टीमबरोबर मी जर्मनीला होकेनहाइमला गेलो होतो. तिथल्या रेसट्रॅकवर २००६ पासून दर ऑगस्टमध्ये फॉर्म्युला स्टुडंट जर्मनी ही स्पर्धा भरते. या स्पर्धांचं मूळ अमेरिकेत. १९८१ साली टेक्सास विद्यापीठात फॉर्म्युला एसएई सुरू झाली आणि तिथून ही कल्पना जगभर गेली. मुलांनी एका माणसाची छोटी रेसकार स्वतः आखायची, स्वतः बनवायची आणि तिथे नेऊन उद्योगातल्या अभियंत्यांसमोर उभी करायची. एकूण गुण हजार. गाडी पळवण्याचे गुण आहेतच, पण ती अशीच का बनवली याच्या तोंडी उत्तरांचे १५०, खर्चाच्या हिशेबाचे १००, आणि हा धंदा म्हणून कसा उभा करशील याचे आणखी ७५. पेट्रोल इंजिनाला हवा आत जाण्याच्या वाटेवर २० मिलिमीटरच्या गळ्याची सक्ती असते. म्हणजे इंजिन कितीही दमदार घेतलं तरी त्याला श्वास तेवढाच. आमच्या गाडीचं इंजिन केटीएम ३९० चं होतं, आपल्या चाकणला बनलेलं.

गाडी ट्रॅकवर जाण्याआधी तपासणी. तपासनीस बहुतेक स्वयंसेवक असतात, त्यातले कितीतरी कधीकाळी याच स्पर्धेत उतरलेले. आमच्याकडे आलेला माणूस पन्नाशीचा असेल. हातात बारीक टॉर्च आणि दांडीला लावलेला छोटा आरसा. गाडीच्या मागच्या बाजूला तो सरळ जमिनीवर आडवा झाला. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, म्हणजे विशबोनच्या, बोल्टवर उजेड पाडला, थांबला आणि आमच्या कॅप्टनला खाली बोलावलं. दोघं शेजारी शेजारी पडून वर बघत होते. तो एवढंच म्हणाला, मोज. कॅप्टनने मोजलं. लॉकनटच्या बाहेर बोल्टचे पूर्ण दोन आटे दिसले पाहिजेत असा नियम आहे. आमचा दीड दिसत होता.

हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं आहे. असा लॉकनट म्हणजे नायलॉक. त्याच्या आतल्या नायलॉनच्या कड्यातून बोल्ट पुरता पार गेला नाही तर तो नट धरत नाही, कंपनाने सैल होतो. बोल्टच्या टोकाचा पहिला आटा उतरता असतो, त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मुलांनी परीक्षेत लिहिलं, मी गुणही दिले. पण त्या दिवसापर्यंत आमच्या कॉलेजात कुणाचं काम अर्ध्या आट्यासाठी अडलं नव्हतं. आमच्याकडे अर्ध्या आट्यासाठी सांभाळून घेतात. तिथे तपासनीस अगदी हसतमुख होता, पण स्टिकर न देता पुढच्या गाडीकडे गेला. गाडीच्या नाकावर प्रत्येक टप्प्याचं स्टिकर लागल्याशिवाय ट्रॅकचं फाटक उघडत नाही.

मुलं पिटमध्ये, म्हणजे गाडीवर काम करायच्या जागेत, परतली आणि त्यांनी एक तो बोल्ट सोडून गाडीवरचे सगळे बोल्ट मोजायला घेतले. मी काही बोललो नाही. माझ्या नोकरीत मी मुलांना असं आपणहून काही तपासताना फार कमी वेळा पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी चालक बसलेल्या अवस्थेत गाडी ६० अंशांत कलती करून पेट्रोलचा थेंब तरी गळतोय का ते पाहिलं गेलं. ती पार झाली. मग ब्रेकची परीक्षा. गाडी पळवून ब्रेक मारला की चारही चाकं एकदम जाम व्हायला हवीत. मागची होत नव्हती. मुलांनी कॅलिपर उघडला, बसवला, पुन्हा उघडला. चौथ्या खेपेला ॲल्युमिनियमच्या अपराइटमधले, म्हणजे चाक आणि कॅलिपर धरणाऱ्या भागातले, आटे बोल्टाबरोबरच बाहेर आले. चांदीच्या तारेसारखे चकाकणारे. संध्याकाळचे सात वाजले होते आणि सकाळी पुन्हा नंबर होता.

आमच्या टीममध्ये एक मुलगा होता, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. कवठेमहांकाळकडचा, वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. इंग्रजी बोलायची वेळ आली की मागे सरकायचा. शेजारच्या पिटमध्ये दुसऱ्या देशातली एक टीम होती. हा त्यांच्याकडे गेला आणि निघालेले आटे तळहातावर ठेवून नुसते दाखवले. त्यांच्यातली एक मुलगी हेलिकॉइलची पेटी घेऊन आली. फाटलेलं भोक थोडं मोठं करायचं, त्यात खास टॅपने नवे आटे पाडायचे आणि स्टीलच्या तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं आत बसवायचं. बोल्ट मूळ मापाचाच राहतो आणि आटे आधीपेक्षा मजबूत होतात. याने ही वस्तू पुस्तकात पाहिली होती, हातात कधी घेतली नव्हती. तिचंही इंग्रजी जेमतेमच होतं. तिने एकदा खुणेने दाखवलं आणि टॅप त्याच्या हातात दिला. हा फिरवायला लागला, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, कीस तुटून बाहेर पडेल असा. ते न सांगता करताना पाहून तिने मान हलवली आणि ती आपल्या गाडीकडे निघून गेली. पेटी इथेच ठेवून.

सकाळी चारही चाकं जाम झाली.

परत आल्यावर या मुलाने काय केलं तेही सांगायला हवं. आमच्या कार्यशाळेतल्या एका ड्रिलिंग मशीनच्या टेबलचे आटे कित्येक वर्षांपूर्वी गेले होते, ते मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं. त्याने स्वतःच्या पैशाने वेटोळी मागवली आणि दोन दुपारी बसून ते दुरुस्त केलं. आज पहिल्या वर्षाची मुलं त्याच मशीनवर भोकं पाडतात. परदेशातून आलेलं ज्ञान म्हणून मला ते टेबल दाखवता येतं.

आता यातली जी गोष्ट मला आजही टोचते ती ऐका. हा मुलगा येणारच नव्हता. कॉलेजच्या समितीने यादी केली ती सीजीपीए आणि इंग्रजीतली मुलाखत यांवर. याची गणिताची एक केटी राहिली होती. केटी असलेल्याला परदेशी जाण्यासाठी एनओसी नाही, असा आमच्याकडे शिरस्ता. टीमच्या मुलांनी सांगितलं, तो नसेल तर गाडीला हात कोण लावणार, तेव्हा कुठे सही झाली. परदेशात पाठवायची मुलं निवडताना आपण जी चाळण लावतो त्यातून नेमकी हातात कसब असलेली मुलं खाली गळतात. मार्क घेणाऱ्यांना पाठवू नका असं मी म्हणत नाही. पण ज्या कामासाठी पाठवायचं ते काम येतं का, हे बघायला एक दिवस त्यांना माझ्या कार्यशाळेत तरी पाठवा.

मार्कवाल्या मुलांचंही तिथे काय झालं ते सांगतो, त्यातही शिकण्यासारखं होतं. सस्पेन्शनचं काम करणारी आमची मुलगी वर्गात पहिली. परीक्षकाने विचारलं, हे अंतर एवढंच का ठेवलंस? ती म्हणाली, आमच्या सीनियर्सनी तेच ठेवलं होतं. त्याने विचारलं, आणि त्यांनी का? तिला उत्तर नव्हतं. तो चिडला नाही, पुढचा प्रश्न विचारला. पण ती रात्री झोपली नाही. टायर, पाती, सांधे, सगळी मापं घेऊन तिने वहीची बारा पानं भरली. चौथ्या वर्षाच्या प्रकल्पात तिने तोच प्रश्न घेतला आणि त्याचं उत्तर काढलं. तीन वर्षांत आमच्यापैकी एकाही परीक्षकाने तिला ‘त्यांनी का’ असं विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

प्राचार्य महोदय, आपण म्हणाल, अशा टीमला लाखो रुपये लागतात, सगळ्या मुलांना कसं पाठवायचं? पैशाकडे येतो, पण त्याआधी अशा गोष्टी ज्यांना पैसा लागत नाही.

पहिली म्हणजे किल्ली. आमच्याकडे कार्यशाळा पाचला बंद होते, वर्ग साडेचारला सुटतात. मुलांनी काम करायचं कधी? फॉर्म्युला स्टुडंटमध्ये जागा मिळवायला आधी नियमांची एक ऑनलाइन परीक्षा असते, जानेवारीच्या सुमाराला, सगळ्या टीमची एकाच वेळी. लवकर आणि बरोबर उत्तरं देणाऱ्यांना जागा. जर्मनीत दुपार असते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते. आमच्या मुलांनी ती परीक्षा वसतिगृहाच्या एका खोलीत सहा जण एका लॅपटॉपभोवती बसून दिली, कारण संगणक कक्षाला कुलूप होतं. चेसिसचे पाइप कापून, टोकं घासून तयार असताना वेल्डिंगसाठी त्यांना बाहेरच्या फॅब्रिकेटरकडे जावं लागलं, कारण आमच्या वेल्डिंग शॉपमधलं टिग मशीन ‘तपासणीसाठी राखीव’ होतं. बाहेर करून घेतलेल्या कामाबद्दल परदेशी परीक्षकाने विचारलं तर मूल काय सांगणार?

आणि पहिल्या वर्षाच्या फिटिंगच्या जॉबचं काय चालतं, ते आपल्यालाही ठाऊक आहे. एका पट्टीत खाच, दुसरीला तिथे बसणारं टोक, आणि दोन्ही जोडल्यावर उजेड दिसता कामा नये. हा जॉब बाजारात तयार मिळतो. वरच्या वर्गातून खालच्या वर्गात हात बदलत येतो, ठोकलेला रोल नंबर घासून काढलेला असतो. एकच पट्टी तिसऱ्या वर्षी पुन्हा माझ्या टेबलावर आलेली मी ओळखली आहे, कोपऱ्यातल्या एका ओरखड्यावरून. ज्याने स्वतःची पहिली पट्टी घासली नाही त्याला होकेनहाइमला नेऊन उपयोग नाही. परदेशी अनुभवाची तयारी पासपोर्टच्या अर्जापासून नव्हे, त्या पट्टीपासून सुरू होते. त्यासाठी मला तुकडीत वीस मुलं हवीत, साठ नकोत, आणि जॉब माझ्यासमोर केला तरच गुण द्यायची मोकळीक हवी.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची, आणि ही विद्यापीठांच्या हातात आहे. परदेशात प्रत्यक्ष काम करण्याच्या ज्या संधी पदवीच्या मुलांना मिळतात त्यातल्या बऱ्याच मे ते जुलैमधल्या असतात. कॅनडातली मायटॅक्स ग्लोबलिंक बारा आठवड्यांची आहे. डाड या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची वाईज योजना जर्मनीत काम करू देते, पण ती आयआयटी-एनआयटीसारख्या निवडक संस्थांच्या मुलांसाठीच. जिथे आपली मुलं अर्ज करू शकतात तिथेही विद्यापीठाच्या परीक्षा जूनपर्यंत रेंगाळतात, तोंडी परीक्षेची तारीख चार दिवस आधी कळते, आणि मुलाला बारापैकी आठच आठवडे देता येतात. आठ आठवड्यांसाठी कोण बोलावेल? आमच्या गाडीचा लाकडी खोका समुद्रमार्गे जायचा होता, म्हणजे जूनमध्ये पॅकिंग. त्याच आठवड्यात दोन पेपर. मुलांनी दिवसा पेपर दिले आणि रात्री खिळे ठोकले. पुढे ऑगस्टमध्ये आम्ही जर्मनीत असताना इथे नवीन सत्र सुरू झालं आणि त्यांची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली. दंड भरूनच पुढच्या परीक्षेला बसले. जगातल्या अभियंत्यांसमोर उत्तरं देत उभं असलेलं मूल आपल्या मस्टरवर गैरहजर असतं, हे आपण एकदा बदला.

त्या खोक्याबद्दलही थोडं सांगतो, कारण अशा कामात मुलं जे शिकतात त्यातलं निम्मं अभ्यासक्रमात कुठेच नसतं. गाडी परदेशात तात्पुरती नेऊन परत आणायची तर एटीए कार्नेट लागतो. एका वर्षासाठी चालणारा हा कागद, आपल्याकडे फिक्की ही उद्योगसंघटना देते. त्यात प्रत्येक वस्तूची नोंद, वजन आणि किंमत. जेवढं नेलं तेवढं सगळं परत यायला हवं, एक चाक जरी तिकडे राहिलं तर त्यावर जकात बसते. तेल, डिंक, वापरून संपणाऱ्या वस्तू त्यात चालत नाहीत. आमच्या मुलांनी ही यादी बनवायला आठ दिवस घेतले. स्पॅनरसुद्धा तोलले. हमीची रक्कम भरायची तेव्हा कागदावर सही करायला कॉलेजात कुणी तयार होईना, शेवटी तीन पालकांनी मिळून हमी दिली. विजेवरच्या गाडीची तर आणखी कसोटी. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचा माल प्रवासी विमानातून नेण्यावर २०१६ पासून बंदी आहे, मालवाहू विमानातही त्या तीस टक्क्यांहून जास्त चार्ज ठेवता येत नाहीत. उद्या ज्यांना निर्यातीचा कारखाना काढायचा आहे त्यांच्यासाठी याहून चांगलं प्रात्यक्षिक कोणतं? पण या कामाला एकही क्रेडिट नव्हतं.

क्रेडिटचं म्हणाल तर आता अडचण नसावी. मुलांनी मिळवलेली क्रेडिट साठवणारी ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली आहे, राष्ट्रीय शिक्षण धोरण इंटर्नशिपवर भर देतंच आहे. अडतं ते अभ्यासमंडळाच्या एका ठरावावर. परदेशात किंवा परदेशी टीमबरोबर केलेल्या कामाची वही, काम करून घेणाऱ्याचं पत्र आणि परत आल्यावर घेतलेली तोंडी परीक्षा, एवढ्यावर सत्रभराच्या एका विषयाची क्रेडिट द्या. वही मात्र कामाची असू द्या, मापांची, चुकांची. प्रवासवर्णन नको.

ही काही नवी कल्पना नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली २७ विद्यार्थी घेऊन सुरुवात केली, काही काळ वर्ग, काही काळ कारखाना. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ १९५७ साली निघालं तेच या पायावर, काही महिने शिक्षण, काही महिने पगारी काम, आलटून पालटून. आणि मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर पॉलिटेक्निक १९७० पासून मुलांकडून प्रकल्पांवरच पदवी घडवून घेतं. त्यांची मुलं चार-चार जणांच्या गटाने सात आठवडे दुसऱ्या गावात, बऱ्याचदा दुसऱ्या देशात राहतात आणि तिथल्या एखाद्या संस्थेचा खरा प्रश्न हाताळतात. व्हेनिसमध्ये त्यांचं केंद्र १९८८ पासून आहे. तिथे ही मुलं कालव्यांच्या काठावर बसून नावा मोजतात आणि यांत्रिक बोटींच्या लाटांनी भिंती कशा झिजतात ते मापतात. आमचा एक माजी विद्यार्थी एम.एस.साठी वूस्टरला होता, त्याने मला हे सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पंचगंगेचा घाट आला. २०१९ च्या पुरानंतर कोल्हापूर-सांगलीत किती ठिकाणी पाणी कुठवर चढलं याच्या खुणा भिंतींवर होत्या. त्या मापायला चार आपली आणि चार बाहेरची मुलं सात आठवडे बसली असती तर?

हे ‘बाहेरची मुलं’ मी मुद्दाम लिहिलं. पैशाचा प्रश्न इथेच सुटू शकतो. आंतरराष्ट्रीय अनुभव म्हणजे दर वेळी विमानाचं तिकीट, असं कुठे आहे? इयेस्टे नावाची संघटना १९४८ पासून तांत्रिक विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करते. तिचं सूत्र साधं आहे: तुमच्या देशातल्या कारखान्याने एका परदेशी विद्यार्थ्याला काही आठवड्यांचं पगारी काम दिलं, की त्या बदल्यात तुमच्या एका विद्यार्थ्याला बाहेर काम मिळतं. मणिपालची मुलं हे कित्येक वर्षं करत आली आहेत. आता शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी डोळ्यांसमोर आणा. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये ओतकामाचं जे ज्ञान आहे ते पाहायला युरोपातला कुठलाही मेटलर्जीचा विद्यार्थी आनंदाने येईल, तिकडे कित्येक फाउंड्र्या बंद झाल्या आहेत. फाउंड्रीवाल्यांशी बोलायचं काम कॉलेजने करावं. वसतिगृहाची एक खोली, खानावळीचा डबा, सुरक्षेचे बूट. एका सामंजस्य कराराच्या समारंभाला जेवढा खर्च होतो त्याहून तो जास्त नाही.

आणि पाबळ. शिरूर तालुक्यातलं हे गाव पुण्यापासून दीड-दोन तासांवर आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. शाळा सोडलेल्या मुलांना ते वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज शिकवायचे, गावाची खरी कामं करत करत. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांनी एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या छोट्या कार्यशाळांपैकी, एक काढली ती याच गावात. कधी नाव न ऐकलेल्या गावात जगातलं मोठं विद्यापीठ शिकायला येतं, कारण तिथे हाताने केलेलं काम आहे. मी दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात विचारतो, पाबळला कोण गेलंय? एखादाच हात वर होतो, तोही शिरूरकडच्या मुलाचा. परदेशी मुलं जिथे येतात तिथे आपलीही मुलं दोन महिने राहू देत, एकाच टेबलावर, एकाच मशीनवर. ते पासपोर्टविनाही मिळतं.

ज्यांना बाहेर जायचंच आहे आणि घरची परिस्थिती नाही, त्यांच्यासाठी मात्र सरकारने पुढे यायला हवं. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीने अनुसूचित जातीच्या कित्येक मुलांना परदेशात एम.एस. आणि पीएच.डी. करू दिलं, तिचं मोल मी जाणतो. पण ती पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे. पदवी करताना तीन महिने परदेशातल्या कार्यशाळेत काम करायला निघालेल्या मुलीला त्यात जागा नाही. तिकीट, विमा, व्हिसाची फी आणि तीन महिन्यांचं राहणं, एवढाच हा खर्च असतो. आपण सगळ्या प्राचार्यांनी मिळून सामाजिक न्याय आणि तंत्रशिक्षण विभागांकडे अशा अल्प मुदतीच्या अनुभवासाठी मागणी केली तर तिला वजन येईल. माझ्यासारख्या अधीक्षकाच्या पत्राला येणार नाही.

व्हिसाचं सुद्धा एक सांगून ठेवतो. जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. आमच्या मुलांचे बोनाफाईड दाखले आणि कॉलेजची पत्रं कार्यालयातून मिळायला पाच आठवडे लागले. दोघांचे व्हिसा गाडी समुद्रात असताना आले आणि एकाचा आलाच नाही. तो आमचा डेटा बघणारा मुलगा. त्याने सगळी स्पर्धा सांगलीत बसून मोबाइलवर पाहिली, जर्मनीतला दर फेरा आपल्या घड्याळावर मोजत. त्याचं नाव अजूनही गाडीच्या बाजूच्या पॅनलवर आहे, बाकीच्यांच्या बरोबरीने.

आपल्याकडून मला यंदा एवढंच हवं आहे: जानेवारीत मुलांची नियमांची परीक्षा असेल त्या संध्याकाळी संगणक कक्ष उघडा ठेवायचा लेखी आदेश, आणि फेब्रुवारीपासून रात्री नऊपर्यंत कार्यशाळा. त्या वेळात मी स्वतः थांबेन, जादा भत्ता नको. बोल्टचा नवा साठा मी मागवलाय, ८.८ ग्रेडचा, लांबी पाच मिलिमीटरने वाढवून.

आपला नम्र,
एक कार्यशाळा अधीक्षक
सांगली जिल्हा